पेडण्याचं खातं, बेळगावातून उघडलं: कायदा कोणत्या राज्याचा?

प्रश्न : मांद्रे गावात घराच्या मागच्या बाजूला खोल्या बांधून आम्ही होमस्टे चालवतो. बुकिंगचा सगळा कारभार एका मॅनेजरकडे होता. पावसाळ्यात तो नोकरी सोडून बेळगावला गेला. दिवाळीच्या आधी लक्षात आलं की आमच्या ईमेल खात्यातून पाहुण्यांची यादी कोणीतरी उतरवून घेतली आहे आणि डिसेंबरची काही बुकिंगं पुसून टाकली आहेत. तीन पाहुण्यांना आमच्या नावाने मेसेज गेले. त्यांनी ॲडव्हान्स म्हणून भलत्याच यूपीआयवर पैसे भरले. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, ‘माणूस कर्नाटकात आहे, तिकडे तक्रार करा.’ माझा भाचा अमेरिकेत बॉस्टनला असतो. तो सांगतो की तिथे संगणक गुन्ह्यांचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, एका राज्यात तीस दिवसांची कैद तर दुसऱ्यात पंधरा वर्षांची. मग गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांपैकी कोणाचा कायदा जास्त कडक? जिथे कडक असेल तिथेच तक्रार करू, असं घरचे म्हणतात. आणि गोव्याला स्वतःचा नागरी कायदा आहे, जुगाराचा कायदा आहे, तर याच बाबतीत का नाही?
(एक वाचक, पेडणे तालुका)

उत्तर : ताई, कायद्याच्या कडकपणाबद्दल बोलण्याआधी दोन कामं. ज्या पाहुण्यांचे पैसे गेले त्यांना १९३० या क्रमांकावर फोन करायला सांगा, आणि तुम्ही स्वतः सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेल्याबरोबर कळवलं तर ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात. आता बराच वेळ गेला आहे, तरी ही नोंद हवीच, कारण पैसा कुठून कुठे फिरला याचा माग काढायला पोलिसांना तिचाच आधार असतो. दुसरं काम ईमेल खात्याचं. कोणत्या तारखेला, कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणत्या फोन किंवा संगणकावरून लॉगिन झालं, हे खात्याच्या सुरक्षेच्या पानावर दिसतं. ते आजच उतरवून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी अशा नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. त्यानंतर त्या मिळतील याची खात्री मी तुम्हाला देणार नाही.

आता ठाण्यातल्या उत्तराबद्दल. ‘माणूस कर्नाटकात आहे’ हे तक्रार न घेण्याचं कारण होऊच शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. तुमच्या बाबतीत तर तेवढीही गरज नाही. कृत्य एका ठिकाणी झालं आणि त्याचा परिणाम दुसरीकडे झाला, तर खटला दोन्ही ठिकाणी चालू शकतो, असं कलम १९९ म्हणतं. फसवणुकीचा मेसेज जिथून निघाला आणि जिथे पोचला, त्या दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार आहे, असं कलम २०२ म्हणतं. बुकिंगं पुसली गेली, त्याचा फटका मांद्र्याला बसला. गुन्हा गोव्यातलाच आहे. ठाण्याने परत नाही म्हटलं तर सगळी हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, तोच १७३ कलमातला पुढचा रस्ता आहे. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. तुम्ही थेट गोवा पोलिसांच्या सायबर क्राइम ठाण्यातही जाऊ शकता. या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हे लक्षात असू द्या आणि तिथे तसं विचारा.

भाचा सांगतो ते खरं आहे. अमेरिकेत बहुतेक गुन्ह्यांचे कायदे राज्यं स्वतः करतात. संगणकाच्या गैरवापराबद्दल केंद्राचा एक कायदा १९८६ चा आहे, पण त्याच्या आधीच राज्यांनी सुरुवात केली होती. पहिला कायदा फ्लोरिडाने १९७८ मध्ये केला. मायामीजवळच्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर काही कर्मचाऱ्यांनी संगणकातून जिंकलेल्या पैजांची खोटी तिकिटं छापली होती, त्या प्रकरणाने तिथले आमदार हलले. त्याच वर्षी ॲरिझोनाने कायदा केला. सगळ्यांत शेवटी, १९९९ मध्ये, व्हरमाँटने केला. म्हणजे पन्नास राज्यांना पन्नास कायदे व्हायला वीस-एकवीस वर्षं लागली, आणि प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांपुढच्या प्रसंगावरून कायदा लिहिला.

त्यामुळे फरक डोंगराएवढे पडले. बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, तिथे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक प्रणालीत शिरणं एवढ्याच गुन्ह्याला जास्तीत जास्त तीस दिवस कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड. जॉर्जिया राज्याच्या १९९१ च्या कायद्यात, अधिकार नाही हे माहीत असूनही दुसऱ्याची पगाराची, आजाराची किंवा बँकेची माहिती संगणकावर पाहिली तरी पंधरा वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये नुकसानीच्या रकमेवर गुन्ह्याची पायरी ठरते. हजार डॉलर, तीन हजार, पन्नास हजार, असा जिना चढत जातो. टेक्सासमध्ये दुसऱ्याच्या नावाने खोटं ऑनलाइन खातं काढून त्याला त्रास दिला तर दोन ते दहा वर्षं. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये खंडणीसाठी संगणक कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरचा खास उल्लेख कायद्यात घातला. मिशिगनने २०१८ मध्ये असं सॉफ्टवेअर वाईट हेतूने नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला.

पण ताई, हे आकडे वाचून ‘पंधरा वर्षंवालं राज्य बरं’ असं वाटत असेल तर थोडं थांबा. त्या राज्यांत खटल्यांचं पुढे काय झालं ते पाहा.

ऑरेगनमध्ये एका दुकानातली बाई लॉटरीच्या मशीनवर तिकिटं छापायची आणि पैसे न भरता स्वतःकडे ठेवायची. चोरीबद्दल तिला शिक्षा झालीच. संगणक गुन्ह्याची शिक्षा मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली, कारण मशीन वापरून तिकिटं छापायची परवानगी तिला नोकरीनेच दिलेली होती. जॉर्जियात एका शहराच्या आयटी विभागातल्या कर्मचाऱ्याने साहेबाच्या ईमेलची प्रत गुपचूप आपल्याकडे येईल अशी सोय केली. शिक्षा झाली, आणि २०२१ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मूळ ईमेल साहेबाला मिळतच होत्या, त्यात अडथळा आलाच नाही, म्हणून लावलेलं कलम लागू पडेना. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियातल्याच एका पोलिसाला केंद्राच्या संगणक कायद्यातून सोडवलं. त्याने पैशांसाठी गाडीच्या नंबरावरून माहिती काढून दिली होती, पण ती प्रणाली उघडण्याचा अधिकार त्याला होता. हेतू वाईट होता म्हणून मिळालेला अधिकार नाहीसा होत नाही, असं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं. कॅन्ससमध्ये तर १९९६ मध्ये टेलिफोन कंपनीच्या मोडेमवर फोन लावून पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यापर्यंत पोचलेला माणूस सुटला. दारापर्यंत गेला, आत गेल्याचा पुरावा कुठे आहे, असं न्यायालयाने विचारलं.

या सगळ्या खटल्यांत वर्षं किती हा वाद कधीच नव्हता. वाद होता तो केलेलं कृत्य कलमात बसतं का, आणि मुख्य म्हणजे परवानगी होती का, किती होती, आणि कधी काढून घेतली याचा. मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण उत्तर गोव्यातल्या न्यायालयांत हंगामाच्या तोंडावर अशी प्रकरणं माझ्यापुढे येतात तेव्हा आरोपीचा वकील पहिलं हेच विचारतो. शॅक असो, रेस्टॉरंट असो की भाड्याच्या स्कूटरचा धंदा, मालकाने पासवर्ड स्वतःच व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. माणूस नोकरी सोडून जातो, मालक त्याचा हिशेब चुकता करतो, खोलीची किल्ली परत घेतो आणि पासवर्ड तसाच ठेवतो. मग बचाव उभा राहतो : मालकानेच दिला होता, कधी नको म्हणाला नाही.

आपला कायदाही इथेच अडवतो. भारतात संगणक गुन्ह्यांचा मूळ कायदा एकच, माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे आणि पणजीत, बेळगावात, कोल्हापुरात शब्द न् शब्द सारखा आहे. कलम ४३ म्हणतं की मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, ती पुसणं किंवा बदलणं, यासाठी भरपाई द्यावी लागेल. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं तर कलम ६६ लागतं. मग तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरला तर ६६ क, दुसरा कोणीतरी असल्याचं भासवून संगणकावरून फसवलं तर ६६ ड. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांनी नोंदवायलाच हवेत, पण जामीनपात्रही आहेत. मॅनेजरला पकडलं आणि तो जामिनावर सुटला, तर खटला हरलो असं समजून खचू नका.

पाहुण्यांची जी फसवणूक झाली तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे नव्या दंडसंहितेचं, कलम ३१८ आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा. इथे मात्र राज्याराज्यांत एक खरा फरक पडतो. गोवा आणि महाराष्ट्र मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्राखाली येतात, कर्नाटकाचं उच्च न्यायालय वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, कंपनीचा डेटा चोरल्याच्या आरोपावरून आलेल्या एका प्रकरणात, सांगितलं की जे कृत्य कलम ४३ आणि ६६ मध्ये पूर्ण सामावतं त्यावर दंडसंहितेची कलमं पुन्हा लावू नयेत. म्हणून तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. खात्यात शिरून यादी उतरवली आणि बुकिंगं पुसली, ही एक. तुमचं नाव सांगून तीन माणसांकडून पैसे काढले, ही दुसरी. एकाच परिच्छेदात सगळं ओतलंत तर उद्या सात वर्षांचं कलम गळून पडायचा धोका आहे.

राज्यांत आणखी एक फरक आहे, आणि ‘कडक’ म्हणून तुमच्या घरच्यांच्या कानावर बहुधा तोच आला असेल. खटल्याविना स्थानबद्ध करण्याचे कायदे राज्यांचे आहेत. तमिळनाडूने २०१४ मध्ये आपल्या गुंडाविरोधी कायद्यात सायबर गुन्हेगार ही वर्गवारी घातली. कर्नाटकानेही त्याच वर्षी डिजिटल गुन्हेगार घातले. महाराष्ट्राच्या १९८१ च्या अशाच कायद्यात व्हिडिओ पायरसी करणारे आहेत. या कायद्यांखाली माणसाला वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. पण तो आदेश सरकार काढतं, तुमच्या फिर्यादीवर न्यायालय देत नाही, आणि त्यातून तुमचा एक रुपयाही परत येत नाही. पहिल्यांदा चुकलेल्या मॅनेजरला असा कायदा लावावा, असं मी तरी कधी म्हणणार नाही.

गोव्याला स्वतःचा कायदा का नाही, या प्रश्नाचं उत्तर संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. जुगार हा विषय राज्यांच्या यादीत आहे, म्हणून १९७६ चा आपला जुगार कायदा आहे आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. नागरी कायदा पोर्तुगीज काळातला, मुक्तीनंतर तो तसाच चालू ठेवला गेला. दंडसंहिता मात्र तेव्हाच भारताची आली. पोलीस हाही राज्याचा विषय. फौजदारी कायदा समवर्ती यादीत आहे, म्हणजे गोवा विधानसभा सायबर गुन्ह्यांवर काही करू पाहील तर करू शकेल, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तिथे राष्ट्रपतींची संमती लागेल. मला विचाराल तर त्याची गरज नाही. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, नेपाळातून लोक येऊन जिथे काम करतात, तिथे पत्रादेवीच्या आणि मोल्याच्या नाक्यावर कायदा बदलत गेला तर तुमच्यासारख्या छोट्या मालकांचीच फरपट होईल. अमेरिकेतल्या वकिलांना ती फरपट चांगली ठाऊक आहे. नॉर्थ कॅरोलिनात घरात बसून लाखो जाहिरातींच्या ईमेल पाठवणाऱ्या एका माणसावर व्हर्जिनियात खटला झाला, कारण ज्या कंपनीला त्या ईमेल गेल्या तिचे सर्व्हर व्हर्जिनियात होते. नऊ वर्षांची शिक्षा झाली. हद्दीचा मुद्दा सरकार जिंकलं. पण २००८ मध्ये तो कायदाच घटनाबाह्य ठरला, कारण व्यापारी जाहिरातींबरोबर निनावी राजकीय आणि धार्मिक ईमेलही त्याने गुन्ह्यात ओढल्या होत्या. माणूस त्या शिक्षेतून सुटला. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणाऱ्या ६६ अ कलमाचंही हेच झालं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम मोडीत काढलं. फार पसरट लिहिलेला कडक कायदा न्यायालयात टिकत नाही, आणि तो पडतो तेव्हा खरा गुन्हेगारही सुटतो.

तर तुम्ही काय करायचं? मॅनेजर गेला त्या दिवसापासूनचे सगळे मेसेज काढा. शेवटचा हिशेब, ‘उद्यापासून येऊ नको’, ‘नवीन मुलगा बुकिंग बघेल’, असं काहीही चालेल. परवानगी संपल्याचं त्यातून दिसायला हवं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात लिहूनच ठेवलंय की पासवर्ड मागितला जातो म्हणजेच आत फक्त परवानगीवाल्यांनी यायचं, ही सूचना समजावी. आपल्या कायद्यात असं वाक्य नाही, म्हणून आपल्याला कागद लागतो. यापुढे कोणालाही कामावर ठेवाल तर दोन ओळींचं पत्र लिहून घ्या : हे खाते फक्त नोकरीत असेपर्यंत आणि फक्त बुकिंगसाठी. आणि माणूस जाईल त्या संध्याकाळी पासवर्ड बदला.

स्क्रीनशॉट नुसते छापून देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे असं सांगितलं. मूळ फोन किंवा लॅपटॉप विकू नका, फॉरमॅट करू नका.

शेवटचं, आणि वाचकांना सगळ्यांत कमी ठाऊक असलेलं. तुमचं डिसेंबरचं नुकसान फौजदारी खटल्यातून लवकर भरून येणार नाही. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. प्रत्येक राज्यात हे काम माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांकडे असतं, गोव्यातही. पाच कोटींपर्यंतचा दावा ते ऐकू शकतात. फी मागितलेल्या भरपाईवर ठरते. शक्यतो चार महिन्यांत आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांत निकाल द्यावा, असं २००३ चे नियम सांगतात. नियम आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडतं, तरीही दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता जवळचा आहे. निकाल पटला नाही तर पंचेचाळीस दिवसांत दिल्लीच्या दूरसंचार अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. होमस्टेची नोंदणी, गेल्या वर्षीच्या डिसेंबरचा हिशेब आणि रद्द झालेल्या बुकिंगांची यादी या अर्जाला जोडा.

प्रश्न : मी मडगावला संगणक अभियांत्रिकी शिकतो. एका संस्थेच्या वेबसाइटवर पत्त्यातला एक आकडा बदलला की दुसऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि आधार क्रमांक दिसतो, हे माझ्या लक्षात आलं. संस्थेला कळवलं तर माझ्यावरच गुन्हा दाखल होईल का?
(एक विद्यार्थी)

उत्तर : तुझी भीती अनाठायी नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात २०२१ मध्ये एका वृत्तपत्राच्या पत्रकाराला सरकारी संकेतस्थळाच्या सोर्स कोडमध्ये शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक उघडे पडलेले दिसले. त्याने आधी खात्याला कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत बातमी थांबवली. तरीही गव्हर्नरनी राज्याच्या संगणक कायद्याखाली खटल्याची भाषा केली. पुढच्या फेब्रुवारीत सरकारी वकिलांनी खटला भरणार नाही असं जाहीर केलं, तोवर त्या पत्रकाराचे महिने टांगणीला गेले. जॉर्जियात २०१८ मध्ये विधिमंडळाने नुकसान न करता केलेला अनधिकृत प्रवेशही गुन्हा ठरवणारं विधेयक मंजूर केलं होतं. सुरक्षा संशोधकांनी विरोध केला आणि गव्हर्नरनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये धोरणच बदललं की चांगल्या हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर केंद्राचे वकील खटला भरणार नाहीत. राज्यांच्या वकिलांवर मात्र ते बंधन नाही.

आपल्या कायद्यात संशोधकासाठी असं वेगळं संरक्षण लिहिलेलं नाही, आणि ते असायला हवं असं मला ठामपणे वाटतं. तुझ्यासारखी मुलं घाबरून गप्प बसली तर ती गुणपत्रिका उद्या चोरांच्या हाती लागणार. तुझी ढाल एवढीच की कलम ६६ ला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. पण कलम ४३ ला हेतू लागत नाही, हेही ध्यानात ठेव. म्हणून आता पुन्हा आकडे बदलून बघू नकोस. दुसऱ्या कोणाची गुणपत्रिका उतरवून ठेवली असशील तर ती कोणालाही पाठवू नकोस, मित्रांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. काय दिसलं, कधी दिसलं, कसं दिसलं हे साध्या शब्दांत लिहून सर्ट-इनला कळव, त्रुटी कळवण्याची रीत त्यांनी ठरवून दिली आहे. संस्थेलाही तेच पत्र पाठव, आणि त्यात बक्षीस किंवा नोकरी मागू नकोस. मागणी आली की त्याला खंडणीचा रंग देणं फार सोपं जातं. पत्र पाठवण्याआधी तुमच्या विभागप्रमुखांना दाखव.

प्रश्न : आमचं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे. इथल्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी-निम्मी. मग नवऱ्याच्या फोनवर माझाही अर्धा हक्क नाही का? तो काही कर्ज लपवतोय असा मला संशय आहे. त्याच्या फोनवरून बँकेचं ॲप उघडून पाहिलं तर गुन्हा होईल का?
(एक गृहिणी, फोंडा)

उत्तर : समाईक मालमत्तेचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, म्हणून तर जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात. फोन ही वस्तूही त्या समाईकात येते असं आपण धरून चालू. पण त्यातलं बँक खातं, त्याचा पासवर्ड, त्याचा अंगठा या गोष्टी वस्तू नाहीत. कलम ४३ नुसतं मालकाबद्दल बोलत नाही, ताबा कोणाकडे आहे हेही पाहतं, आणि फोन त्याच्या ताब्यात आहे. पाहण्यापुरतं पाहिलंत तर अप्रामाणिक हेतू सिद्ध होणं कठीण, म्हणून कलम ६६ चा गुन्हा होईल असं मला वाटत नाही. त्याचा पिन वापरून पैसे हलवलेत किंवा त्याच्या नावाने कोणाला मेसेज केलात, तर मात्र ६६ क समोर उभं राहील, नवरा असला तरी.

वर जॉर्जियाचा कायदा सांगितला, तिथे नुसतं पाहणंही पंधरा वर्षांच्या गुन्ह्यात बसू शकतं. आपल्याकडे तेवढी टोकाची तरतूद नाही. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं आहे आणि तो घरातही लागतो. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने जोडीदाराचं चोरून केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घ्यायला मुभा दिली, त्यामुळे अनेक बायका मला हा प्रश्न विचारू लागल्या आहेत. पुरावा वाचला जाईल एवढाच त्याचा अर्थ. तो मिळवताना केलेलं प्रत्येक कृत्य माफ झालं, असा नाही.

तुमची खरी काळजी कर्जाची आहे, आणि ती रास्त आहे, कारण समाईकात देणीही येऊ शकतात. त्यासाठी फोन उघडायची गरज नाही. तालुक्यातल्या निबंधक कार्यालयात तुमच्या घरावर किंवा जमिनीवर गहाणाची नोंद आहे का ते शोधून मिळतं. दोघांच्या नावावरच्या खात्याचा उतारा बँक तुम्हालाही देते. वाद न्यायालयात गेलाच तर नवऱ्याने आपल्या खात्यांची कागदपत्रं हजर करावीत असा आदेश मागता येतो. वकिलाकडे जाताना लग्नाच्या नोंदीचा दाखला आणि घराचे कागद बरोबर न्या.